हळद लावलेल्या गोगलगाई

बाळांनो,

गेल्या रविवारी फोनवर धाकटीनं मला विचारलं, "आजी, तू खरंच शेतात गोगलगाई पाळल्या होत्यास?" आणि तुम्ही दोघंही खूप हसलात. मीही हसले. व्हिडिओवर तोंड फिरवायला जागा नसते. हे कुणी सांगितलं, असं मी विचारलं नाही. त्याच्या आदल्या दिवशी तुमचा मोठ्या आजीशी फोन झाला होता, ते मला ठाऊक होतं.

दिवाळीनंतर तुम्ही इकडं येणार आहात. आल्यावर आधी मोठ्या आजीच्या पाया पडायचं आणि मग माझ्या, ही आपल्या घरची रीत आहे. ती मोडू नका. पण तुम्ही तिच्या पायाशी वाकाल तेव्हा तुम्हाला त्या गोगलगाईंची खरी हकिगत माहीत असावी, म्हणून तुम्ही यायच्या आत हे लिहून ठेवते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. माझा उभा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेला, तरी मोठ्या आजीचं बोलणं मला त्या भाषेत आणता येत नाही. तेव्हा मराठीतच वाचा, हळूहळू वाचा. अडलं तर बाबाला विचारा.

मोठी आजी म्हणजे माझी थोरली जाऊ. तुमच्या आजोबांच्या थोरल्या भावाची बायको. मी तिला अक्का म्हणते. सोलापुरातून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी या गावात सून म्हणून आले, तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती. पहिल्याच दिवशी माझ्या भाकरीचे परातीत तीन तुकडे झाले. सासूबाई जेवायला बसल्या होत्या. अक्कानं स्वतःची भाकरी त्यांच्या ताटात टाकली आणि म्हणाली, "ही धाकटीनं केलीया. बघा, जमतंय की तिला." सासूबाईंनी भाकरी मोडून बघितली, माझ्याकडं बघितलं आणि जेवल्या. त्या दिवसापासून अक्का माझी झाली. पुढं माझ्या बाळंतपणात तिनं माझं केलं, तिच्या मुलांचे अभ्यास मी घेतले. तिच्यावर मी कधी संशय घ्यावा असा प्रसंगच आला नाही.

आता शेताचं सांगते.

वाटणीत ओढ्याकडची उतरती जमीन आपल्याकडं आली आणि चिंचेच्या बांधापलीकडची दादांकडं, म्हणजे तुमच्या मोठ्या आजोबांकडं. आपली जमीन काळी, पण उताराची. मोठा पाऊस झाला की ओढ्याचं पाणी काळं होऊन वाहायचं. तुमचे आजोबा बांधावर उभे राहून म्हणायचे, "चाललं बघ आपलं रान कर्नाटकात." ओढा पुढं बोरी नदीला मिळतो आणि नदी तिकडं जाते, म्हणून ते तसं म्हणायचे. चेष्टेत म्हणायचे, पण पाऊस थांबेपर्यंत तिथून हलायचे नाहीत. ते गेल्यावर पहिल्या पावसाळ्यात मी त्याच जागी उभी राहिले आणि तेच काळं पाणी बघितलं. ही माती वाहू द्यायची नाही, असं मी तेव्हा ठरवलं.

नांगरट थांबवायची, हे मी वाचलं होतं आणि अणदूरच्या बाजूला एकाच्या रानात डोळ्यांनी पाहिलंही होतं. एकदा गादीवाफे पाडायचे आणि मग त्या जमिनीला लोखंड लावायचं नाही. सोयाबीन मुळासकट उपटायचं नाही, बुडाशी कापायचं. मुळं आतच कुजू द्यायची. मळणीनंतर राहणारा भुसा, ज्याला इकडं गुळी म्हणतात, तो परत रानात अंथरायचा. पुढच्या वर्षी त्याच्यातूनच बी टोकायचं. वरचं पांघरूण पावसाचा मार झेलतं आणि मुळांच्या वाटांनी पाणी आत मुरतं.

गावाला ते बघवत नव्हतं. उन्हाळ्यात सगळी रानं नांगरून, ढेकळं तापत पडलेली आणि मधे माझं रान केर न काढलेल्या अंगणासारखं. मी किती टापटिपीची आहे ते तुम्हाला माहीत आहे. माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या असतात, साड्यांच्या घड्या एका मापाच्या असतात. अक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "घरात काडी दिसली तर जीव जातो हिचा, अन् रानात केर हातरून ठिवलाय." पण दादा नाखूश झाले तेव्हा तीच मधे पडली. "करू द्या तिला. तिचं रान हाय. तुमचं काय जातंय?"

चौथ्या वर्षी ओढ्याला आपल्या बाजूनं येणारं पाणी निवळ झालं. दादा एकदा काठी टेकत आले, काठी आपल्या रानात दाबली. ती सहज वीतभर आत गेली. त्यांनी ती उपसली, पुसली आणि आपल्या रानाकडं निघून गेले. मला ते पुरलं. आजोबा असते तर त्यांना दाखवलं असतं, एवढंच मनात आलं.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात गोगलगाई आल्या.

तुमच्याकडं मागच्या अंगणात पालेभाजी खाणाऱ्या असतात, बिनशंखाच्या, बोटाएवढ्या. इकडच्या वेगळ्या. पाठीवर तपकिरी शंख, काही तर माझ्या मुठीएवढ्या. दिवसा पाचोळ्याखाली, बांधाच्या दगडांत दडून बसतात आणि ऊन उतरलं की बाहेर येतात. सोयाबीन नुकतं दोन पानांवर होतं. सकाळी गेलं की ओळीच्या ओळी बुडाशी कुरतडलेल्या आणि मातीवर चकचकीत चिकट रेघा. पाऊस उघडत नव्हता आणि त्या वाढतच होत्या. दोन्ही रानांत होत्या, पण आपल्या रानात जास्त होत्या. हे मी लपवत नाही. गुळीखाली ओल असते, सावली असते. साबुदाण्यासारखी त्यांची अंडी तिथं सुखरूप राहतात. नांगरलेल्या रानात तीच अंडी उन्हाळ्यात वर येऊन वाळून जातात.

मी नीट कामाला लागले. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं वाफ्यांवर टाकायची. सकाळी ती उलटली की खाली झुंबड असायची. हातमोजे घालून त्या वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. बांधाच्या कडेनं चुन्याचा पट्टा ओढायचा. दादांच्या रानात हेच काम अक्का करायची, कारण दादांचं तेव्हा नुकतंच हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं होतं आणि पुतण्या ट्रॅक्टर घेऊन दिवसभर लोकांच्या कामावर असायचा.

एका सकाळी पुतण्यानं मला ओट्यावर बोलावलं. दादा खुर्चीत होते. अक्का खाली बसून शेंगा फोडत होती.

"काकू," पुतण्या म्हणाला, "तुमच्या रानात गोगलगाईंचं लॉजिंग-बोर्डिंग झालंय. ऱ्हायला गुळी, खायाला सोयाबीन, अन् वर तुमी गुळाचं पाणी पाजताय. त्या कशाला जात्यात?"

"पाजून बुडवते आहे रे मी त्यांना," मी म्हणाले.

"किती बुडवताल? तुमच्या पाचोळ्यातून निघून आमच्याकडं येत्यात. रान नांगरलेलं असतं तर ही बला आलीच नसती."

दादा शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचं रान चांगलं झालंय, मी बघितलंय. पर शेजाऱ्याला तरास होतोय त्याचं काय?"

मला ते रास्त वाटलं. मी विचार करून म्हणाले, "पोळ्यापर्यंत मला मुदत द्या. तोवर माझ्या रानातल्या गोगलगाई आटोक्यात आणते. नाही आल्या तर सोयाबीन निघाल्यावर नांगर घाला. मी आडवी येणार नाही."

"शब्द?" दादांनी विचारलं.

"शब्द."

अक्कानं मान वर केली नाही. शेंगांची टरफलं तेवढी जास्त जोरात टोपलीत पडायला लागली, असं मला आता वाटतं. त्या वेळी तसं काही वाटलं नव्हतं.

मग मी रोज उजाडता उजाडता रानात. माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. पाटावर बसून, पाट सरकवत मी वाफे साफ केले. ओढ्याच्या बाजूचे वाफे आधी निवळले, मग मधले. सोयाबीन वर आलं, पानं धरायला लागलं. फक्त एक कोपरा माझं ऐकेना. बांधावरच्या चिंचेखालचा. आज तिथं वेचून बादली भरावी आणि उद्या पुन्हा तेवढ्याच. मी तिथं दुप्पट गोणपाटं टाकली, चुन्याचा पट्टा रुंद केला. चुना ओलांडून त्या येतात कशा, ते कळेना.

नागपंचमीला इथं कुणी जमिनीला अवजार लावत नाही, तवा ठेवत नाही. त्या दिवशी मीही रानात गेले नाही. दुसऱ्या दिवशी चिंचेखालचं गोणपाट उलटलं तर एका शंखावर पिवळं काहीतरी होतं. आधी वाटलं, बुरशी. हातमोजा काढून बोट लावलं, नाकाशी नेलं. हळद होती. शेजारच्या दुसरीवर ओघळलेलं कुंकू होतं. तिसरीवर दोन्ही.

मी गोणपाट परत अंथरलं. मग त्या तिघींना तशाच ठेवून घरी आले.

दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर गेले आणि चिंचेच्या अलीकडं थांबले. अक्का तिच्या रानातून पाटी घेऊन आली. बांधावर बसली. कमरेच्या पिशवीतून हळदीकुंकवाची कुयरी काढली, एकेका गोगलगाईच्या पाठीला बोट लावलं आणि चुन्याच्या पट्ट्यावरून हात लांब करून एकेकीला माझ्या गुळीवर अलगद ठेवायला लागली. "जा माय, जा. तुझ्या घरी जा," असं म्हणत होती.

"अक्का," मी म्हणाले.

ती दचकली नाही. पाटीत राहिलेल्या दोन तेवढ्या ठेवल्या आणि मग वळली.

"हे काय करताय?"

"सोडतीया."

"माझ्या रानात?"

"मग कुठं सोडू? आमच्या रानात उन्हानं मरत्याल. तुझ्याकडं पाचोळा हाय."

"दादांनी तुम्हाला मिठाच्या पाण्यात टाकायला सांगितलं होतं ना?"

तिनं कुयरी बंद केली. "त्यांच्यापायी तर हाय हे सगळं. आपरेशनला आत नेलं तवा म्या बोलले हुते, ह्यांना नीट बाहेर आण, चातुर्मास मुंगी मारणार न्हाय. आषाढी एकादशीपासनं नेम चाललाय. मीठ टाकून इतके जीव मारू व्हय? अन् त्यांना काय झालं म्हंजी?"

चातुर्मासाचे नेम तुमच्या आईनं तुम्हाला सांगितले असतील. आषाढापासून कार्तिकापर्यंत बायका काही ना काही सोडतात. कुणी वांगं, कुणी कांदा, कुणी पायातली चप्पल. मी तिचा नेम समजू शकत होते. मला समजेना ते दुसरं.

"अक्का, ओट्यावर तुमचा मुलगा म्हणाला, गोगलगाई माझ्या रानातून तुमच्याकडं येतात. तुम्ही तिथंच बसला होता. तुम्ही का बोलला नाहीत?"

"तू कुठं मला इचारलंस?" ती म्हणाली.

तिनं पाटी उचलली आणि मग तिचा आवाज बदलला. "ह्यांना सांगू नको गं. बिनमारता सोडतीया म्हणून कळलं तर चिडत्याल. डॉक्टरनी चिडायचं न्हाय सांगितलंय. नेम बी बोलून दाखवला की फळत न्हाय."

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगा. पोळ्याच्या आत सांगा. माझं रान जाईल, अक्का."

"सांगते की. तुझं रान जाऊ देईन व्हय मी?" असं म्हणून तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. तिच्या बोटांची हळद माझ्या गालाला लागली असणार, कारण घरी आल्यावर टॉवेल पिवळा झाला.

त्यानंतर तिनं माझ्या रानात सोडणं थांबवलं असेल, असं मला वाटलं होतं. पण चिंचेखाली हळदीच्या गोगलगाई येत राहिल्या. मी त्या वेचत राहिले. मला नेम नव्हता. तरी त्यांना पाण्यात टाकताना माझा हात जड व्हायचा, याचाही मला तिचाच राग यायचा.

पोळा आला. आता गावात बैलं थोडी राहिलीत, पण दादांनी एक जोडी ठेवली आहे. उन्हं कलताना बैलं मिरवून दारात आली. शिंगांना बेगड, अंगावर झुली. अक्का पुरणपोळीचं ताट घेऊन उभी होती. सुना होत्या, पुतण्या होता, आपल्या घरातून मी एकटी. दादांनी बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बाई, पोळा आला."

"हो दादा."

"काय म्हणतंय रान?"

"सगळं साफ आहे. फक्त चिंचेखाली आहेत."

"म्हंजी हायत," पुतण्या म्हणाला. "सकाळीच बघितलं मी. चिंचेखाली खच हाय नुसता. तिथनंच आमच्याकडं घुसत्यात."

मी अक्काकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. नजर चुकवली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं ताट खाली ठेवलं, पदर सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "शिकलेल्या माणसानं दिलेला शब्द पाळावा."

तेव्हा मी का बोलले नाही, असं तुम्ही विचाराल. थोरला तर नक्की विचारेल. दादा समोर उभे होते, अजून धाप लागत होती त्यांना. मी बोलले असते आणि त्या रात्री त्यांच्या छातीत दुखलं असतं, तर ते माझ्या माथी आलं असतं. अक्कालाही हे माहीत होतं. ते माहीत होतं म्हणूनच ती एवढ्या ठामपणे बोलू शकली, असं माझं मत आहे आणि ते अजून बदललेलं नाही.

मी म्हणाले, "सोयाबीन निघालं की नांगरा."

अक्कानं बैलाला पोळी चारली आणि मग माझ्या पानात वाढली. मी खाल्ली नाही. "तोंड का पाडलंस? सणाचा दिस हाय," ती म्हणाली. सुनांना वाटलं, मी रानासाठी रुसले.

सोयाबीन निघाल्यावर पुतण्यानं पलटी नांगर आणला. मी बांधावर उभी राहिले, तुमच्या आजोबांच्या जागी. लोखंड आत शिरलं आणि वाफा उलटा झाला. चार-पाच वर्षांची मुळं, त्यांच्या वाटा, वरची गुळी, सगळं खाली गेलं आणि खालचं काळं वर आलं. मागून बगळे चालत होते. गांडुळं उचलत होते. एका तासात माझं रान गावातल्या बाकीच्या रानांसारखं झालं. अक्का चहा घेऊन आली. "घे, गार होईल," म्हणाली. मी घेतला.

पुढच्या पावसाळ्यात गोगलगाई कमी झाल्या. दोन्ही रानांत. हेही मला लिहायला हवं. उन्हाळ्यात पलटलेली माती तापली, अंडी वाळली, लपायला पाचोळा राहिला नाही. नांगर त्याचं काम करतो, त्यात शंका नाही. दादांनी नुसतं एवढंच सांगून मला नांगरायला लावलं असतं, तर मी वाद घातला असता, कदाचित एखादं वर्ष नांगरलंही असतं आणि परत वाफे पाडले असते. आता परत वाफे पाडायचं बोलायची मला सोय राहिली नाही. "पुन्हा गोगलगाई पाळणार का काकू?" एवढं एक वाक्य सगळ्यांना पुरतं. ते वाक्य अक्कानं चालू केलं. आधी सुनांमध्ये, मग गावात आणि गेल्या आठवड्यात तुमच्यापर्यंत.

त्याच पावसाळ्यात पहिल्या मोठ्या सरीला मी ओढ्यावर गेले होते. पाणी काळं होतं.

मोठ्या आजोबांना यातलं काही विचारू नका. त्यांची तब्येत आता चांगली आहे. नेम फळला, असं अक्का मानते. फळला असेलही. तिच्याशी माझं बोलणं बंद नाही. ती वाटीतून काही पाठवते, मी वाटी रिकामी परत करत नाही. तिच्या हातच्या भाकरीला अजून तोड नाही. पण तिच्याजवळ बसून मनातलं बोलावं, असं मला आता वाटत नाही. आणि या वयात तशी दुसरी माणसं मिळत नाहीत.

तुम्ही याल तेव्हा तुम्हाला रानात नेईन. चिंचेखाली मुळं वर आलेली आहेत, बांधाचे दगडही आहेत, त्यामुळं तिथं ट्रॅक्टर वळत नाही. नांगर तेवढी जागा दर वर्षी सोडून देतो. माझ्या स्वयंपाकघराएवढी असेल. तिथं मी अजून टोकून सोयाबीन लावते, बुडाशी कापते आणि गुळी अंथरते. हात घातला तर बोटं तळव्यापर्यंत आत जातात आणि गांडुळं लागतात. तेवढी जमीन शिल्लक आहे.